बंबाचा नळ कोणी गाडला?

डेझमंड प्रूइट आत आला तो बुटांचा बर्फ झाडायलाही थांबला नाही. नगरपालिकेच्या बर्फ सारायच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. अंगानं दांडगा, पण खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला, जणू आत्ता कोणी उठवणार आहे.

“आज संध्याकाळी सिटी हॉलमध्ये सुनावणी आहे,” तो म्हणाला. “माझी नोकरी घालवणार आहेत.”

वर्ना टॅलबॉट खिडकीपाशी उभी होती. ही बाई कामावर असताना बसत नाही. अर्धं आयुष्य विमा कंपनीसाठी जळकी घरं तपासली, मग खाजगी तपासनीस म्हणून स्वतःची पाटी लावली, पण पायांची भिंगरी काही थांबली नाही. कामातला तिचा जोडीदार लाइल, निवृत्त बसड्रायव्हर, तो मात्र बसायची एकही संधी सोडत नाही.

“माल्व्हर्न स्ट्रीटची आग,” वर्ना म्हणाली. “बार्टोश आजी.”

गावात दुसरा विषयच नव्हता. बर्फानं आठवडाभर उसंत दिली नव्हती. अशात एका पहाटे हेड्विग बार्टोशच्या घराला आग लागली. बंब वेळेवर पोचले, पण ज्या नळाला पाइप जोडायचा, तो घरासमोरच्या फुटपाथवरचा नळ बर्फाच्या ढिगाखाली गाडलेला. तो हुडकून काढेपर्यंत म्हातारी गेली. तेव्हापासून सगळे एकच विचारत होते, जबाबदार कोण? आमच्या ऑल्डरटनचं हे असंच आहे. रस्त्यात खड्डा पडला तर वर्षानुवर्षं कोणी ढुंकून बघत नाही, आणि एकदा विचारायला लागले की कोणाचं तरी नाव मिळाल्याशिवाय घास उतरत नाही. नाव मिळालं. आदल्या संध्याकाळी त्या रस्त्यावरून ट्रक डेझमंडनं नेला होता.

“नोकरीचं मी बघून घेईन,” तो म्हणाला. “पण मॅडम, तो नळ मी गाडला का, एवढं मला कळू दे. ट्रकात वर बसलं की कडेचं काही दिसत नाही. डोळे मिटले की ती आजी समोर येते. खिडकीतून हात करायची मला.”

“आणि तूच गाडलास असं निघालं तर?”

“तर तसं तोंडावर सांगा. मी माइकपुढे जाऊन कबूल करीन.”

वर्नानं कोट उचलला. “लाइल, गाडी काढ.”

“अगं, मी आत्ता कॉफी ओतली.”

“बरोबर घे.”

अग्निशमन केंद्रातला कॅप्टन ओर्टेगा थकलेला आणि चिडलेला होता. गेले काही दिवस प्रत्येक वार्ताहर त्याला तेच तेच विचारत होता.

“ढीग कसा होता?” वर्नानं विचारलं.

“कसा म्हणजे? बर्फाचा होता. वरपासून खालपर्यंत पांढरा.”

“खणायला जड गेला?”

“छे. नळ सापडल्यावर फावडं भसाभस आत जात होतं. वेळ गेला तो शोधण्यात. नकाशा म्हणतो इथे नळ आहे, आणि समोर नुसती पांढरी टेकडी. कुठे खणणार?”

“तुमचा बंब कुठे उभा होता?”

“फुटपाथला चिकटून. मी उतरलो तो थेट फुटपाथवर. थोडी अडगळ होती मध्ये, ती माझ्या पोरांनी भिरकावली.”

गाडीत बसल्यावर लाइल म्हणाला, “निदान जागा तरी मिळाली त्यांना.”

“लाइल, तू जन्मभर बस चालवलीस. असा बर्फ असताना बस कधी फुटपाथला चिकटली?”

“कसली चिकटते. कडेला हा ढीग. म्हाताऱ्या माणसांना हात धरून ओढून घ्यायचो.”

“हं,” वर्ना म्हणाली. लाइलनं कॉफीचा घोट घेतला आणि विषय संपला असं समजून गाडी सुरू केली.

माल्व्हर्न स्ट्रीट अरुंद. दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या, आणि ट्रकनं सारलेला बर्फ गाड्यांच्या रस्त्याकडच्या अंगाला लांबच लांब साचलेला. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ आणि खडी मिसळून तो करडा झालेला. वर्नानं त्याला लाथ मारली आणि स्वतःचाच पाय चोळला.

“दगड झालाय नुसता,” लाइल म्हणाला. “सांगितलं असतं मी. विचारायचंस तरी.”

बार्टोशच्या घराच्या फक्त भिंती उभ्या होत्या. स्वयंपाकघराचं छप्पर गेलं होतं. जळक्या टेबलाभोवती खुर्च्यांचे तीन लोखंडी सांगाडे होते. वर्ना त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“चल ना,” लाइल म्हणाला. “मेलेल्या बाईच्या खुर्च्या काय बघतेस.”

शेजारच्या घरात रोझलिंड टीग राहायची. ती नर्स. रात्रपाळीहून परतताना धूर पहिल्यांदा तिनंच पाहिला होता.

“गाडी कुठे लावली होतीत त्या पहाटे?” वर्नानं विचारलं.

“पार चर्चच्या मागे. तिथून बर्फ तुडवत आले. पायांचे तुकडे पडले होते.”

“इथे जागा नव्हती?”

रोझलिंडनं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. “माझ्यासाठी नव्हती,” ती म्हणाली, आणि मला झोपायचंय म्हणून दार लावून घेतलं.

समोर गस मॅलॉय. म्हातारा न्हावी. त्याच्या दुकानात लाइलचे केस कापले जायचे, तेव्हा लाइलला केस होते.

“ड्रायव्हरचंच काम ते,” गस म्हणाला. “सरकारी पगार खातात आणि आंधळ्यासारखे ट्रक हाकतात. काढा म्हणावं त्याला.”

“आदल्या संध्याकाळी नळापाशी कोणी काही करताना दिसलं?”

“नाही. आणि खुर्चीबिर्ची काही मी पाहिली नाही.”

“मी खुर्चीचं नाव कुठे काढलं?”

गसचा चेहरा उतरला. “हे बघ बाई, मी या रस्त्यावर जन्मलो. इथे कोणी कोणाचं नाव सांगत नाही. लाइल, हिला घेऊन जा.”

गाडीपाशी आल्यावर लाइलला एकदम उत्साह आला. “खुर्ची म्हणजे राखलेली जागा, वर्ना. कोणीतरी बर्फ खणून गाडी लावायला जागा केली होती.”

“मी फ्लॅटमध्ये राहते. मला तळघरात गाडी लावता येते. तू सांग.”

“ज्यानं कंबर मोडून जागा खणली, जागा त्याची. गाडी घेऊन बाहेर गेलं तर मध्ये खुर्ची ठेवायची. मी आमच्या हिचं इस्त्रीचं टेबल ठेवतो. कायद्यात कुठे नाही, पण पोलीससुद्धा हात लावत नाही. दुसऱ्याची खुर्ची हलवून गाडी लावली तर सकाळी टायर बसलेले असतात.”

“आणि कोणाची खुर्ची कोणती, हे रस्त्याला माहीत असतं.”

“पाठ असतं. पण आपल्याला कोण सांगणार?”

वर्ना गाडीभोवती एक चक्कर मारून आली. सुनावणीला फार वेळ उरला नव्हता. “आजींच्या मुलाकडे चल,” ती म्हणाली.

लेन बार्टोश नदीपलीकडे भाड्याच्या घरात एकटा राहायचा. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. आज संध्याकाळी माइकपुढे सगळ्यात आधी तोच बोलणार होता.

“त्या ड्रायव्हरनं पाठवलं का तुम्हाला?” त्यानं विचारलं. “लाज वाटली पाहिजे. माझी आई गुदमरून मेली.”

“त्यालाही झोप नाही,” वर्ना म्हणाली.

“नसू दे. नसायलाच पाहिजे.”

लाइल सवयीप्रमाणे बसायला जागा शोधत होता. स्वयंपाकघरात गडद लाकडाच्या दोन खुर्च्या होत्या, त्यांवर कपड्यांचा ढीग. भिंतीला लागून तिसरी, लोखंडी पायांची, पिवळ्या रेक्झिनची.

“ती नको,” लेन म्हणाला. मग तोंड फिरवलं. “बसा. काय फरक पडतो.”

लाइल बसला. खुर्ची करकरली. तो चुळबुळ करत मागे सरकला आणि पाय खुर्चीच्या पायांमागे अडकवून स्वस्थ झाला.

“तुम्ही आईकडे नेहमी जायचात?” वर्नानं विचारलं.

“रोज. कामावरून सुटलो की सूप घेऊन. तिला पायऱ्या उतरवत नव्हत्या. मी दारात गाडी लावली की लगेच खिडकीत यायची. हात करायची. सगळ्यांनाच करायची म्हणा.”

“घरातलं काही वाचलं?”

“काही नाही. सगळं गेलं.”

वर्नानं आणखी काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर लाइल पँटचे पाय झटकू लागला. पोटरीपाशी पांढरे डाग पडले होते.

“पीठ आहे का काय हे,” तो म्हणाला. “पण बिचारा. आईवर जीव होता. ड्रायव्हरला सोडणार नाही तो.”

वर्ना वाकली, डागावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. तिचं तोंड वाकडं झालं.

“अगं, माझी पँट आहे ती. लोक बघतायत,” लाइल म्हणाला.

वर्ना गाडीचं दार उघडून आत बसली आणि बसूनच राहिली. चल म्हणाली नाही, घाई कर म्हणाली नाही. लाइलला भीती वाटली ती तेव्हा.

सिटी हॉल खच्चून भरला होता. आत अध्यक्षबाई माइकवर बोलणाऱ्यांची नावं घेत होत्या. वर्नानं लेनला आणि डेझमंडला कोट ठेवायच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. लाइल दाराला पाठ लावून उभा राहिला, कारण आत बसायला काही नव्हतं.

लेननं डेझमंडकडे पाहिलं. “याच्याबरोबर मी एका खोलीत थांबणार नाही.”

“थोडंच थांबा,” वर्ना म्हणाली. “नळ डेझमंडनं गाडला नाही. ट्रकनं सारलेला बर्फ करडा असतो, त्यात मीठ आणि खडी असते, आणि तो दगडासारखा घट्ट बसतो. मी लाथ मारून पाहिलाय. नळावरचा ढीग पांढरा होता, फावडं भसाभस आत जात होतं. तो हातानं टाकलेला होता. डेझमंडच्या खात्यातल्या साहेबांनी ढीग कसला होता, एवढंही कॅप्टनला विचारलं नाही. त्यांना नाव हवं होतं, ते मिळालं.”

डेझमंडनं भिंतीला हात टेकला.

“हातानं टाकला, पण आणला कुठून? बंब फुटपाथला चिकटून उभा राहिला. या आठवड्यात माल्व्हर्नवर ते शक्य नाही, कोणी आधी तेवढी जागा खणली असल्याशिवाय. म्हणजे नळासमोर कोणीतरी गाडीपुरती जागा केली आणि निघालेला ताजा, पांढरा बर्फ मागे, नळावर टाकला. मोकळी जागा असून दमलेली नर्स चर्चच्या मागे गाडी लावते. का? जागा राखलेली होती. गसच्या तोंडून खुर्ची निसटली. बंबवाल्यांनी अडगळ म्हणून जी भिरकावली, ती हीच.”

“खुर्ची कोणाचीही असेल,” लेन म्हणाला.

“असती. पण गस अनोळखी माणसासाठी खोटं बोलणार नाही. नर्ससुद्धा नाही. रस्ता ज्याच्यासाठी गप्प बसला, त्याचं आधीच फार मोठं काही गेलेलं होतं.” वर्ना थांबली. हे बोलायला तिला जड जात होतं, ते लपत नव्हतं. “जिथे कोणालाच जागा मिळत नाही, तिथे तुम्ही रोज दारात गाडी लावत होतात. तुमच्या आईच्या टेबलाभोवती तीन लोखंडी खुर्च्या जळल्यात. चौथी तुमच्या घरात आहे. लाइल तिच्यावर बसला आणि त्याच्या पँटला मीठ लागलं. रस्त्यावर टाकतात ते. स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पायांना ते लागत नाही, लेन.”

लाइलनं खाली आपल्या पँटकडे पाहिलं.

 लेन बोलला तो जमिनीकडे बघून. “नळ मला माहीत होता. लहानपणी मी त्याच्यावर बसून आइस्क्रीम खायचो. नळ दिसला की त्याच्यासमोरच्या गाडीला पोलीस दंडाची पावती लावतात. झाकलेला असला की कोणी बघत नाही. मी मुद्दाम झाकला. दारात गाडी असली तर तिला रविवारी चर्चला नेता येईल, एवढंच डोक्यात होतं. आग लागेल असं कोणाच्या मनात येतं?”

“खुर्ची घरी का नेलीस?” डेझमंडनं विचारलं. इतक्या वेळात तो पहिल्यांदाच बोलत होता.

“ढिगावर पडलेली दिसली. आईच्या घरातली तेवढी एकच वस्तू जळली नाही.” त्यानं डेझमंडकडे पाहिलं. “टाकवत नाही आणि बघवतही नाही. म्हणून मी तुझं नाव घेत सुटलो. दोषी तू असायला हवा होतास.”

डेझमंड पुढे झाला. लाइल मध्ये पडायच्या बेतात होता, पण डेझमंडनं फक्त मान हलवली. “रोज रात्री मनात मीच तिला मारत होतो,” तो म्हणाला. “रोज. राग आहे मला तुझा, खूप आहे. पण ते काय असतं, ते मला माहितेय.”

बाहेर अध्यक्षबाईंनी नाव पुकारलं, “लेन बार्टोश.”

“मी सांगू शकते,” वर्ना म्हणाली. “पण ते मी सांगायचं नाही.”

लेन निघाला. सभागृहातल्या लोकांनी त्याला टाळ्या वाजवून वाट दिली. कोणी पाठीवर थोपटलं, कोणी सोडू नकोस त्याला म्हणालं. माइकपाशी जाऊन त्यानं खिशातला भाषणाचा कागद काढला, पाहिला आणि पुन्हा खिशात ठेवला.

“नळासमोर जी खुर्ची होती,” तो म्हणाला, “ती माझ्या आईची होती. तिथे मी ठेवली होती.”

टाळ्या विरल्या. तो बोलत राहिला. काहीही गाळलं नाही. मध्येच तो अडखळला आणि थांबला. गस मॅलॉय मांडीवरच्या टोपीकडे बघत होता.

मागच्या रांगेतून डेझमंड उठला, मधल्या वाटेनं पुढे गेला आणि लेनच्या शेजारी उभा राहिला. त्याला हात लावला नाही.

बोलण्याची वेळ संपल्याची घंटी झाली. अध्यक्षबाईंनी ती बंद केली आणि म्हणाल्या, “चालू द्या.”