एंटर न दाबता

हंसा लॅबमध्ये शिरली ती थेट टेबलाखालून बाहेर आलेल्या दोन पायांना अडखळली.

"अगं बाई! हे कोणाचे पाय?"

"माझेच," खालून आवाज आला. "सॉरी... नवा कॉम्प्युटर जोडतोय."

मग वायरींच्या गुंत्यातून धुळीने माखलेला एक चेहरा वर आला आणि चक्क लाजला. कॉम्प्युटर कंपनीने पाठवलेला कमलाकांत तो हाच. हंसाला आधी हसू आलं, आणि मग... तो आवडलाच.

बोईसरमधला कापड रंगवण्याचा कारखाना, साल नव्वदच्या आसपासचं. चिंचणीच्या मासेमारांच्या घरातली, बी.एस्सी. झालेली हंसा इथे कामाला होती. जुन्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. रंगाच्या टाकीचं तापमान पडद्यावर सारखं बदलत राहायचं, आणि कामगार जमनाने कुठलीही एक की दाबली की टाकी तापवणारी वाफ बंद. जमनाच्या हातात रंगाने थबथबलेले रबरी मोजे, म्हणून ती कोपरानेच दाबायची. नव्या मशीनची सिस्टिमच निराळी. तोच प्रोग्रॅम तिथे एंटर दाबेपर्यंत ढिम्म बसून राही, आणि तापमानाचा आकडाही गोठे.

"एंटरची अट मी काढली," कमलाकांत डोकं खाजवत म्हणाला. "तरी हा प्रोग्रॅम की दाबायची वाट बघत थांबतोच."

"आमची आय बोंबील वाळत घालते," हंसा म्हणाली. "कावळा आला का बघायला ती काम थांबवते काय? हात चालूच. मधनंच नजर वर करते, कोण नाय दिसलं तर पुढला बोंबील."

तो तिच्याकडे पाहतच राहिला.

"असं काय बघताय?"

"तुम्ही हे... किती सोपं करून सांगितलंत!"

त्याने जाडजूड मॅन्युअल उघडलं आणि की दाबली का हे न थांबता डोकावून बघायची युक्ती शोधून काढली. त्याची लांब बोटं कीबोर्डवर धावत होती. चुकलं तर तो स्वतःवरच हसायचा, आणि हंसा नुसती त्याला पाहत राहायची. प्रोग्रॅम चालायला हवा, असं तिला मनापासून वाटे. पण तो चालला की हा नागपूरच्या कामावर जाणार, हेही तिला ठाऊक होतं. जायच्या आधी हा काही बोलेल का?

संध्याकाळी जमना आली. आकडे पळत होते. तिने कोपर टेकवलं मात्र, वाफ बंद!

"चालतंय गो!" जमना खूश होऊन गेली. हंसा चहा आणायला वळली.

ती परतली तेव्हा कमलाकांतची बॅग भरलेली होती. तो पाठमोरा बसून टाइप करत होता, पण पडद्यावर एकही अक्षर उमटत नव्हतं. प्रोग्रॅमने चालताना टाइप केलेली अक्षरं दाखवणं बंद केलं होतं आणि संपताना ते पुन्हा सुरू करायचं राहून गेलं होतं. दिसत नाही, म्हणूनच तो बिनधास्त लिहीत होता. शेवटी सवयीने त्याने एंटर दाबला, आणि ओळीतला पहिलाच शब्द आज्ञा समजून मशीनने उत्तर दिलं—

हंसा: नॉट फाउंड.

"काय शोधताय?" मागून हंसाने विचारलं.

तो ताडकन उठला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल!

"मशीनला सांगा, हंसा हाय. इथंच हाय. आणि... पुढं काय लिवलं होतं?"

"दिसत नव्हतं, म्हणून लिहिता आलं."

"आता दिसंल असं बोला."

"हंसा... मला तुम्ही फार आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

हंसाने चहाचे ग्लास खाली ठेवले.

"रविवारी चिंचणीला या, आयला विचारायला. ती काम थांबवायची नाय... पण नजर वर करंल."

तो हसला, आणि घाईघाईने बसून त्याने ती राहून गेलेली चूक दुरुस्त केली. मग त्याने तिचं नाव लिहिलं. या वेळी एकेक अक्षर पडद्यावर उमटलं. त्याचं बोट एंटरकडे गेलं, तसा हंसाने त्याचा हात पटकन धरला.

"नको दाबू," ती म्हणाली. "राहू दे तिथंच."