नवव्या मजल्यावरची खिडकी

"तुमच्या खिडकीतून जरा बाहेर वाकू का?" तिने दारातूनच विचारलं. मग तिच्या लक्षात आलं, की आत खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडलेत आणि त्यांच्यावर ओणवा झालेला दातांचा डॉक्टर तिच्याकडे बघतोय. मास्कच्या वर नुसते डोळे... हसरे.

"वाका. पण पडू नका. लोक म्हणतील, दात काढायच्या भीतीने उडी मारली."

ती आर्किटेक्ट. शहरातल्या या पहिल्या उंच इमारतीची तपासणी तिच्याकडे आली होती. बाहेरची भिंत भाजलेल्या मातीच्या फुलांनी मढवलेली, आणि ती फुलं हाताला लागायची ती फक्त या खिडकीतून. वाकून तिने एका पाकळीवर बोट फिरवलं. उन्हाने कोमट झाली होती. खाली रस्ता धुरकट, दूरचा, स्वप्नातला वाटावा असा.

मग रोज काही ना काही मोजायचं राहून जायला लागलं. बाहेरच्या टेबलावर पेशंटांचे नंबर लावणारी डॉक्टरची आत्या चष्म्यावरून बघायची. "आल्या मोजणीबाई! अरे, खिडकी मोकळी कर."

"काय आहे हो एवढं या इमारतीत?" एका रिमझिमत्या दुपारी त्याने विचारलं.

"ही बांधली तेव्हा लोक पलीकडच्या फुटपाथने जायचे. वाऱ्याने कोसळेल म्हणून! जाड दगडी भिंतींशिवाय एवढी उंची कुणी पाहिलीच नव्हती. इथे तर भिंती भार घेतच नाहीत, पडद्यासारख्या टांगल्यात नुसत्या. सगळा भार आतल्या पोलादी सांगाड्यावर."

"मग लोकांची भीती गेली कशी?"

"बांधणारा बायकोला घेऊन सगळ्यात वर राहायला आला. वादळ सुटलं तेव्हा दोघं गच्चीवर खुर्च्या टाकून बसले... सगळ्यांना दिसतील असे."

"बायको घाबरली नाही?"

"घाबरली असेल. पण बसली."

"नशीबवान होता," तो हळूच म्हणाला, आणि तिच्या हातातली मोजायची फीत सटकन मिटली.

पुढच्या आठवड्यात त्याच खिडकीशेजारचा गिलावा फोडून तिने आतला खांब उघडा केला. बोट लावताच गंजाचे पापुद्रे सुटून आले. खालचे मजलेही तसेच निघाले.

"इमारत वाचेल," तिने त्याला सांगितलं, "पण सगळ्यांना जागा सोडावी लागेल. काही वर्षं तरी."

"हा दवाखाना बाबांनी उभा केलाय."

"माहीत आहे..."

"आणि तुम्ही तसं लिहिणार?"

"लिहावंच लागेल."

तो पाठ फिरवून कितीतरी वेळ हात धूत राहिला. ती जिन्याने उतरली. लिफ्टमध्ये कुणी आपला चेहरा बघायला नको होता तिला.

जागा खाली करायच्या दिवशी मात्र पाय आपोआप तिकडे वळले. आत्या खोकी बांधत होती.

"तुमचं तोंड बघायचं नव्हतं मला," आत्या फणकारली. "पण दार वाजलं की हा मान वर करतो. पेशंटांच्या हिरड्या धोक्यात आल्यात. जा आत!"

तो रिकाम्या खोलीत खिडकीशी उभा होता. वाऱ्याने त्याचे केस उडत होते.

"रागावलात?"

"रागावलो होतो. बाबा इथे उभं राहून हात पुसायचे. म्हातारपणी मीही असाच उभा राहीन, असं धरून चाललो होतो."

"मला खांब धड आहेत असं लिहिता आलं असतं. एकदा मनातही आलं... तुमच्यासाठी."

"मग मी इथेच राहिलो असतो," तो वळला, "आणि एक दिवस हे सगळं डोक्यावर आलं असतं. बरं झालं, तू खरं लिहिलंस."

दोघंही थबकली.

"काय म्हणालात?"

"तू म्हणालो... परत घेऊ?"

"नको," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. "राहू दे. मला आवडलं."

"मलाही. तू आवडतेस. खिडकीतून पहिल्यांदा वाकलीस ना, तेव्हापासून."

त्याने हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला. खाली शहर मावळतीच्या उन्हात विरघळत होतं.

"गाडीवाला खोळंबलाय रे!" बाहेरून आत्या ओरडली.

"येतो आम्ही, आत्या!" उत्तर तिनेच दिलं.

बाहेरची हाकाटी एकदम थांबली. मग आत्या कुणाला तरी दटावताना ऐकू आली, "थांबा हो जरा, कसली घाई आहे?"