वासिलेच्या नावाची पाटी

हरवलेल्या सामानाच्या खोलीतला फोन वाजला तेव्हा मदाम इग्लाल उकडलेलं अंडं सोलत होत्या. त्यांनी अंडं पूर्ण सोललं, त्यावर मीठ भुरभुरलं आणि मग फोन उचलला.

“मदाम, लवकर या. एका बाईचा पासपोर्ट गेलाय,” पासपोर्ट तपासणीवरचा कॅप्टन वाएल म्हणाला.

“मी बॅगा शोधते. पासपोर्ट माझ्या खात्यात येत नाही.”

“बाई रडतेय, आणि रडणं माझ्या खात्यात येत नाही. शिवाय ती इटालियन बोलते.”

“आले.”

इग्लालबाईंना इटालियन येत होतं, कारण शुब्रा भागातल्या शाळेत नन्सनी ते छडी मारून शिकवलं होतं. विमानतळावर त्यांची एकतीस वर्षं गेली होती. तेवढ्या काळात माणसांबद्दलचं त्यांचं मत दरवर्षी थोडं थोडं खाली गेलं होतं आणि गणवेशातल्या माणसांबद्दलचं केव्हाच तळाला लागलं होतं.

आगमनाच्या दालनात दुपारची गर्दी होती. आमच्या विमानतळावर उतरलेल्या परक्या माणसाला कुणी काही सांगत नाही. आधी बँकेच्या खिडकीवर व्हिसाचा स्टिकर घ्यायचा, मग कार्ड भरायचं, मग रांगेत उभं राहायचं. लोक आधी रांगेत तासभर उभे राहतात आणि पासपोर्ट तपासणीच्या काचेपाशी पोचले की स्टिकरसाठी मागे हाकलले जातात. या गोंधळावर पोट भरणारी एक जमात आहे. हे लोक हातात नावाची पाटी घेऊन विमानापासूनच प्रवाशाला धरतात, त्याच्यासाठी स्टिकर आणतात आणि त्याला सगळ्यांच्या पुढे घुसवतात.

त्या जमातीतला सगळ्यात निर्लज्ज इसम बयूमी. कॅप्टनने त्याची कॉलर धरली होती.

“चोर सापडला, मदाम. फक्त पासपोर्ट सापडायचाय.”

“म्हणजे काहीच सापडलं नाही,” इग्लालबाई म्हणाल्या आणि खुर्चीवरच्या बाईसमोर बसल्या.

बाई सत्तरीकडे झुकलेली. आमच्या उन्हात कुणी घालणार नाही असा जाड निळा कोट अंगात. तिचं नाव रोदिका मुंत्यानू. रुमानियाची. तुरिनमध्ये बारा वर्षं लोकांच्या म्हाताऱ्या आईबापांची सेवा केलेली, म्हणून इटालियन येत होतं.

“काय झालं?”

“पाटी घेतलेला माणूस भेटला. मी पासपोर्ट दिला. त्यानं मला इथे बसवलं आणि गेला. पाऊण तास झाला.”

“दिसायला कसा?”

“तोंडावर मास्क, डोळ्यांवर काळा चष्मा, टोपी. मला नीट दिसलाच नाही हो.”

“काय बोलला?”

“काहीच नाही. छातीवर हात ठेवून वाकला. बोटानं खिडकी दाखवली.”

“एक शब्दही नाही?”

“नाही.”

“आणि अनोळखी माणसाच्या हातात पासपोर्ट दिलात.” इग्लालबाईंनी कपाळावर हात मारला. बाईची दया येण्याऐवजी त्यांना रागच आला.

रोदिकाने खुर्चीखालून पुठ्ठ्याची पाटी काढली. तो माणूस ती तिथेच टाकून गेला होता. जाड काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: रोदिका वासिले.

“वासिले माझ्या वडलांचं नाव. ते जाऊन चाळीस वर्षं झाली. मला वाटलं, आंकानं लिहिलं असेल, मला बरं वाटावं म्हणून. ते नाव बघितलं आणि मग मी काही विचारलंच नाही.”

आंका तिची मुलगी. पाच वर्षांपूर्वी इथल्या शौकत नावाच्या इंजिनिअरशी लग्न करून आली. लग्नाला आईला येता आलं नव्हतं. जावई तिने फक्त फोनच्या पडद्यावर बघितलेला.

“मुलगी न्यायला आली नाही?”

रोदिकाने मान खाली घातली. “एप्रिलपासून तिचा फोन तोच उचलतो. ती झोपलीय, ती आंघोळीला गेलीय, असं सांगतो. एकदाच कुणा शेजारणीच्या फोनवरून बोलली. म्हणाली, मम्मा, माझा पासपोर्ट घरात नाही, तू स्वतः ये. मी जावयाला सांगितलं, येतेय. तर म्हणाला, या ना, घर तुमचंच आहे.”

तिच्या पर्समधली तिकिटं इग्लालबाईंनी पाहिली. येतानाचं एक होतं. परतीची दोन.

कॅप्टन घड्याळ बघत होता. “मदाम, नियम माहितीये ना? पासपोर्ट नाही तर प्रवेश नाही. ज्या विमानानं आली त्याच विमानानं परत. अडीचला सुटतं.”

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. इग्लालबाईंनी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा रोदिकाने त्यांचं मनगट घट्ट धरलं. “मला परत पाठवलंत तर माझ्या मुलीला कुणी बाहेर काढणार नाही,” ती म्हणाली.

“नाव तरी धड जुळतंय का बघा,” कॅप्टन प्रवाशांची यादी चाळत म्हणाला. “यादीत मुंत्यानू, पाटीवर वासिले.”

“मुंत्यानू तिच्या नवऱ्याचं आडनाव.”

“नवऱ्याचं? बापाचं नाव टाकून नवऱ्याचं लावते?” कॅप्टनला खरंच धक्का बसला. “काय हे लोक!”

“तुझी आई कुणाचं लावते?”

“तिच्या बापाचं आणि आजोबाचं. सगळ्यांच्याच आया लावतात. हा काय प्रश्न झाला?”

“तुला विचारायला इतकाच सोपा प्रश्न होता माझ्याकडे.” इग्लालबाई बयूमीकडे वळल्या. “तू कुठे होतास?”

“मदाम, माझ्या पोरांची शपथ, मी सहा कोरियन लोकांना घेऊन खिडकीवर होतो, त्यातल्या एकाला उलटी झाली, मी लिंबू आणायला पळालो, लिंबू नव्हतं, मग पुदिन्याची गोळी आणली, ती त्याने घेतली नाही, म्हणून मीच खाल्ली, आणि कॅप्टनसाहेब, बाशा, आपण सकाळी माझ्याकडून सिगारेट घेतलीत तेव्हाच मी म्हटलं होतं की आज...”

“पुरे! सोड रे त्याला.”

“का?” कॅप्टनने विचारलं.

“हा पाण्याखालीसुद्धा बोलेल. पाटी घेतलेल्या माणसानं एक शब्द काढला नाही.”

कॅप्टनने कॉलर सोडली, पण नाखुशीने. हातचा चोर निसटल्याचं त्याला दुःख झालं.

“जावयाचा नंबर द्या,” इग्लालबाईंनी रोदिकाला सांगितलं. फोन लगेच लागला. त्या एवढंच म्हणाल्या, “तुमच्या सासूबाईंची अडचण झालीय. पासपोर्टच्या काचांपाशी या. कुठे आहात?”

“बाहेरच्या कॅफेत! बारापासून वाट बघतोय. देवा! पळतच येतो!”

एक वाजून अठरा मिनिटांनी फोन ठेवला. बावीसला शौकत समोर उभा होता.

देखणा माणूस. इस्त्रीचा शर्ट, छातीवर आत येण्याचा पास, डाव्या काखेत हिरव्या कागदात गुंडाळलेला गुलाबांचा मोठा गुच्छ. “मम्मा!” करून त्याने हंबरडा फोडला, सासूच्या डोक्याचं चुंबन घेतलं, तिचे हात डोळ्यांना लावले. आमचे पुरुष चारचौघांत फार सुंदर रडतात. रोदिका मात्र अंग चोरून बसून राहिली.

“बाशा,” तो डोळे पुसत कॅप्टनला म्हणाला, “बिचारी दमलीय. या वयात हे हाल! नियमाप्रमाणे परत पाठवा. पुढच्या महिन्यात मी स्वतः तिकीट काढून आणतो.”

“समजूतदार माणूस,” कॅप्टन म्हणाला.

“फार,” इग्लालबाई म्हणाल्या. “इंजिनिअरसाहेब, दोन प्रश्न. पास कुणी दिला?”

“मित्र आहे एक इथे. आताच दिला, तुमचा फोन आल्यावर.”

“आणि त्याआधी आत आला नव्हतात?”

“छे! कसा येणार?”

“बरं. ही फुलं कुणासाठी?”

“मम्मासाठी, अर्थात.”

“मग देत का नाही?”

शौकतने गुच्छ काखेत आणखी घट्ट धरला. “प्रसंग काय, फुलं काय, मदाम. घरी गेल्यावर देईन.”

“घरी? आताच तर परत पाठवा म्हणालात.”

तो काहीतरी बोलणार होता, पण इग्लालबाईंनी पाटी उचलून त्याच्या नाकासमोर धरली.

“वाएल, लक्ष दे. उद्या वरच्यांना तूच सांगणार आहेस, म्हणजे निदान बरोबर सांग. पाटी लिहिणारे लोक नाव कुठून घेतात? तिकिटावरून. तिकिटावर मुंत्यानू. हिच्या मुलीनं लिहिलं असतं तरी मुंत्यानूच लिहिलं असतं, तिला आईचं नाव माहीत आहे. पाटीवर मात्र वासिले. बाई म्हणजे तिचं नाव आणि तिच्या बापाचं नाव, असं कोण धरून चालतं? तू. मी. आपण सगळे. म्हणजे पाटी आपल्यातल्याच कुणीतरी लिहिली. पण वासिले हे नाव हिच्या पासपोर्टात नाही, तिकिटात नाही. चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं नाव या शहरात कुणाला ठाऊक?”

त्यांनी रोदिकाला इटालियनमध्ये विचारलं, “इथल्या कुणी तुम्हाला कधी वडलांचं नाव विचारलं होतं?”

“एकदाच,” रोदिका म्हणाली. “लग्नाचे कागद भरायचे होते तेव्हा. माझ्या वडलांचं आणि आजोबांचं नाव लिहून मागितलं होतं. शौकतनं.” ते नाव उच्चारतानाच तिच्या ध्यानात आलं. ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

“कागदांवर वधूच्या आईचं नाव लागतं,” इग्लालबाई म्हणाल्या. “यानं पाच वर्षांपूर्वी ते आपल्या पद्धतीनं लिहून घेतलं आणि त्याच्या डोक्यात सासूचं तेच नाव बसलं. ती स्वतःला काय म्हणवते हे पाच वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही. एवढी याची माया.”

“हा अपमान आहे!” शौकत ओरडला. “ती पाटी कुणीही लिहिली असेल!”

“लिहिली असेल. पण मग तो माणूस मुका का होता? चोराला बोलायला काय हरकत? हरकत त्यालाच, ज्याचा आवाज ही बाई फोनवर नेहमी ऐकते. आणि तिसरी गोष्ट. बाहेरच्या कॅफेतून इथे यायला तीन तपासण्या. बूट काढा, पट्टा काढा, पास दाखवा, शिपायाचा चहा संपेपर्यंत थांबा. मंत्र्याचा मेव्हणा आला तरी पंचवीस मिनिटं जातात. हे साहेब पास मिळवून चार मिनिटांत आले. आपलं सरकार इतकं सुधारलेलं असतं तर मी निवृत्ती पुढे ढकलली असती.”

कॅप्टनने घड्याळाकडे पाहिलं, मग शौकतच्या पट्ट्याकडे. पट्टा व्यवस्थित कमरेला होता.

“तो दुपारपासून आतच होता. पासपोर्ट घेतला, मास्क आणि टोपी टाकली. म्हातारी परत जाईपर्यंत आतच रेंगाळणार होता. पण माझा फोन गेला. आला नसता तर संशय आला असता, म्हणून लगेच आला. बाहेर पडताना शिपाई खिसे चाचपतात. फुलं कुणी चाचपत नाही.”

“मदाम, मी वकील...”

“बयूमी!”

बयूमीने एका झटक्यात गुच्छ ओढला. तो आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता काम करत होता. हिरवा कागद फाटला. गुलाब फरशीवर पसरले आणि त्यांच्यामधून पासपोर्ट खाली पडला.

त्यामागून आणखी एक पडला.

इग्लालबाईंना एकाचीच अपेक्षा होती. त्यांनी वाकून दुसरा उचलला, उघडला. फोटोतली मुलगी तिशीची होती आणि तिची हनुवटी थेट रोदिकासारखी होती. आंका मुंत्यानू. घरात नसलेला पासपोर्ट हा माणूस जिथे जाईल तिथे अंगावर घेऊन फिरत होता.

“ती माझी बायको आहे,” शौकत म्हणाला. आता तो रडत नव्हता. “तिचे कागद मी सांभाळतो. तिला सांभाळता येत नाही.”

“तोंड बंद ठेव,” कॅप्टन वाएल म्हणाला. तो हे ओळखीने मिळालेला पास लावून फिरणाऱ्याला म्हणेल असं कुणालाही वाटलं नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. त्याने दोन शिपायांना हाक मारली. मग काचेमागे जाऊन, स्टिकर रांगेशिवाय मागवून, रोदिकाच्या पासपोर्टवर इतक्या जोरात शिक्का मारला की शेजारच्या काचेमागचा माणूस दचकला.

रोदिकाने दोन्ही पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि वरून हात ठेवला. ती आता पुन्हा रडत होती, पण आवाज न करता.

इग्लालबाईंनी पाटी उलटी केली. मागच्या कोऱ्या बाजूवर शौकतच्या घरचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला, टॅक्सीवाल्याला दाखवायला. “बयूमी, तू बरोबर जा. घराच्या दारापर्यंत. मुलगी बाहेर आली की दोघींना सरळ त्यांच्या वकिलातीत ने. कुणी आडवा आला तर बोलायला लाग. तो पळून जाईल.”

“आणि माझे कोरियन, मदाम?”

“ते आपले आपण हरवतील. इथे सगळे हरवतात.”

दारापाशी रोदिका थांबली, पाटी छातीशी धरून. वासिलेचं नाव आतल्या बाजूला होतं. तिने मागे वळून इग्लालबाईंकडे पाहिलं आणि तशीच बाहेर पडली.

इग्लालबाई खोलीत परतल्या. अंड्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी ते केराच्या टोपलीत टाकलं आणि हरवलेल्या वस्तूंचा छापील कागद पुढे ओढला. कॅप्टन वाएल दारात येऊन उभा राहिला होता. त्यांनी लिहिलं: हरवलेले पासपोर्ट, एक. सापडलेले पासपोर्ट, दोन.

“मदाम, हे जुळत नाही,” तो म्हणाला. “वरून विचारतील.”

“विचारू दे,” इग्लालबाई म्हणाल्या आणि खाली सही केली.