गार भिंतीजवळचं स्टूल

दारात कुणीतरी छत्री झटकली आणि चाकावरची ताटली वेडीवाकडी झाली.

तसा छत्रीचा काही दोष नव्हता. मातीवालीनं मान वर करून बघितलं, आणि हवं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं. उंच, सावळा, ओल्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि भलत्याच वर्गात शिरलेल्या विद्यार्थ्यासारखं ओशाळं हसू. गिऱ्हाईक दिसतंय, तिला वाटलं. बऱ्यापैकी देखणं गिऱ्हाईक.

"या ना! कप हवेत की ताटं?"

"बर्फवाले हवेत," तो म्हणाला. "म्हणजे… त्यांची थकबाकी हवी. मी वीज कंपनीकडून आलोय, वसुलीला."

झालं! देखणेपणा जागच्या जागी निम्मा झाला.

मातीवाली हे नाव तिला गल्लीनं ठेवलं होतं. बँकेतली बरी नोकरी सोडून तिनं हे दुकान भाड्यानं घेतलं, विजेवरची भट्टी आणली आणि कप-ताटं घडवायला बसली. दादानं तेव्हाच सांगून टाकलं होतं, "वर्षभरात गाशा गुंडाळून परत येशील." तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायला लागली. शेजारचा दुकानदार हसला तरी तिला वाटायचं, हा का हसला? आता कुठे स्टेशनसमोरच्या नव्या हॉटेलानं ताटांची मोठी ऑर्डर दिली होती. ती वेळेवर गेली तर दुकान तरलं. नाही गेली, तर दादाचं "मी सांगत नव्हतो?" जन्मभर ऐकायचं.

"बर्फवाले माझ्या आधी होते इथे," ती म्हणाली. "गेले सोडून. मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणजे?"

"ज्यांच्याकडे बाकी असते ते सगळे." पण हे म्हणताना तो तिच्या गालाकडे बघत होता. तिथे माती लागली होती, हे तिला तो गेल्यावर कळलं. "या दुकानाची दोन मीटरं आहेत. तुमच्या नावाचं साधं चालतं. बर्फवाल्यांचं मात्र अजून धावतंय. ते गेले, तर वीज कोण खातंय? आणि इथे," त्यानं कोपऱ्यातल्या भट्टीकडे हनुवटी केली, "इतकी मोठी भट्टी."

"म्हणजे मी चोर?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुमच्या भुवया म्हणाल्या!"

तो हसू दाबत छत्री उघडून निघून गेला. फळीआडून तिची आत्या बाहेर आली. आत्या तिच्याबरोबरच राहायची आणि दुकानात मातीपेक्षा माणसांवर जास्त लक्ष ठेवायची.

"अगं, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच! पण काय गं, फाशी देणारा बरा होता की दिसायला."

"आत्या!"

संध्याकाळी घरमालक काका आले. काकांचं बोलणं म्हणजे साखरेत घोळलेलं. "बाळ, हे वसुलीवाले मीटरमध्ये हात घालून आकडे फिरवतात आणि मग पैसे उकळतात. तू भोळी आहेस. जिन्याखालच्या मीटरच्या कपाटाला मी कुलूप घातलंय. ही किल्ली तुझ्याकडे ठेव. कुणाला उघडू देऊ नकोस हो. आणि अगदीच अंगाशी आलं तर थोडे पैसे माझ्याकडे दे, मी मिटवून टाकीन."

किती हा चांगुलपणा! तिनं किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. "कपाट उघडता का जरा?"

"नाही."

"का?"

"माझी मर्जी."

"पंचनामा करून कुलूप तोडता येतं मला."

"मग तोडा."

त्यानं तोडलं नाही. भट्टीपलीकडे मागच्या भिंतीजवळ एक स्टूल होतं. त्याच्यावर तो बसला, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन आलेला माणूस दिसतच होता. "इथे बरं गार वाटतं," तो पुटपुटला.

"भिंतीला टेकायचं बिल लावू का?"

"लावा. माझी बाकी ठेवू नका म्हणजे झालं."

हसू आलं तिला, पण तिनं ते चाकावर वाकून लपवलं. आत्यानं मात्र मागचापुढचा विचार न करता त्याला चहा दिला, तोही तिरप्या कानाच्या, विक्रीतून बाद केलेल्या कपात.

"हा कप कितीला?" त्यानं विचारलं.

"तो बाद आहे. विकायचा नाही."

"बाद का? मला तर धरायला नेमका वाटतो."

आता हे काय? लाच? लाडीगोडी? की मीटरपर्यंत पोचायचा नवा रस्ता? तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यानंही पाहिलं. मग दोघांनी एकाच वेळी नजर वळवली, आणि आत्या उगाचच खोकली.

मग तो येतच राहिला. कधी म्हणे इकडूनच चाललो होतो, कधी म्हणे पाऊस आला म्हणून थांबलो. पाऊस खरंच होता, पण पाऊस काय फक्त याच दुकानावर पडत होता? यायचा, किल्ली मागायचा, नकार घ्यायचा, भिंतीला टेकायचा. ती ताटं घडवायची. तो म्हणायचा, "तुम्ही कडा दाबताना श्वास रोखता." ती म्हणायची, "आणि तुम्ही प्रश्न विचारताना डावा कान खाजवता. खोटं बोलणाऱ्यांची खूण असते ती." त्यावर त्याचा हात कानावरून झर्रकन खाली यायचा.

रात्री पडल्यावर तिला स्वतःचाच राग यायचा. हा माणूस आपल्याला चोर समजतो, आणि आपण त्याच्या छत्रीच्या आवाजाकडे कान लावून बसतो! शहाणपण कुठे गहाण टाकलंय?

ताटांचं मात्र काही खरं नव्हतं. पुढच्या फळ्यांवरची ताटं पावसातही हळूहळू वाळली. मागच्या भिंतीलगतची ओलीच्या ओली. ओलं ताट भट्टीत घातलं की तडकतं आणि शेजारच्या चारांना घेऊन जातं. ती रोज बोट लावून बघायची आणि रोज भट्टी उद्यावर टाकायची.

हॉटेलाला माल द्यायची तारीख तोंडावर आली तेव्हा तो आला. या वेळी छत्री झटकली नाही. तसाच ठिबकत दारात उभा राहिला.

"उद्या सकाळी खांबावरून लाइन तोडणार आहेत," तो म्हणाला. "दुकानाची सगळीच. दोन्ही मीटरं. मी साहेबांना खूप सांगून पाहिलं… तुम्हाला आधी कळावं म्हणून आलो."

तिनं हातातलं ताट फळीवर ठेवलं. "दोन दिवस द्या. नुसते दोन दिवस. भट्टी एकदा लावली की मध्येच थांबवता येत नाही, सगळं वाया जातं."

"मग इतके दिवस का नाही लावलीत?"

"वाळत नाहीत मेली!" तिला रडूच फुटलं. संशयी माणसाला दुसऱ्यासमोर रडायला फार लाज वाटते, पण आता कसली लाज! "पुढची वाळली, ही मागची वाळतच नाहीत. माझं दुकान जाणार. तुम्ही जिंकलात. जा, सांगा साहेबांना."

तो गेला नाही. ती दाखवत होती त्या फळीकडे बघत राहिला, मग स्टुलाकडे, मग भिंतीकडे.

"मी रोज इथेच का टेकतो, माहितेय?"

"आता हे काय मध्येच?"

"गार लागतं म्हणून. पण अहो… बाकीच्या भिंती नाहीत अशा गार. ही एकटीच कशी?"

ती रडता रडता थांबली. उठून तिनं भिंतीवर तळवा टेकवला. शेजारी त्यानं टेकवला. भिंत दमट होती, गारेगार. आणि आत, अगदी आत, बारीकशी घरघर होती.

"काका म्हणतात, तो पाण्याचा पंप आहे," ती हळूच म्हणाली.

"तुमचे काका मला म्हणाले, तुम्ही बर्फवाल्याची मेहुणी आहात. त्याचा धंदा गुपचूप तुम्हीच चालवता."

"काय? मी? मेहुणी?" तिचे डोळे विस्फारले. "मला म्हणाले, तुम्ही आकडे फिरवता. म्हणून तर ही किल्ली…"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. दोन्ही तळवे अजून भिंतीवर, मध्ये जेमतेम बोटभर जागा. किती दिवस दोघं एकमेकांवर डोळे वटारून बसले होते, आणि दोघांच्या कानात विष ओतणारं तोंड एकच!

तिनं गळ्यातला दोरा काढला. क्षणभर किल्ली मुठीत धरून ठेवली. याच्याही पोटात काही असलं तर? उद्या याच किल्लीनं आपण बुडलो तर? तिनं त्याच्याकडे पाहिलं. हात कानापाशी नव्हता. ओला माणूस, काळजीनं कपाळाला आठ्या पडलेला.

"घ्या," ती म्हणाली. "आणि फसवलंत तर याद राखा."

"तुम्ही इथेच थांबा. भिंतीवरचा हात काढू नका."

तो जिन्याखाली गेला. कुलूप कुरकुरलं. "भट्टी बंद आहे ना?" त्याचा आवाज आला.

"बंद!"

"आणि बर्फवाल्याचं मीटर धावतंय! आता त्याचा खटका पाडतो."

खट्. तिच्या डोक्यावरचा दिवा तसाच जळत राहिला. पण तळव्याखालची घरघर दोन गचके देऊन गप्प झाली.

"थांबलं!" ती ओरडली. "अहो, थांबलं! ऐकलंत का? थांबलं!"

तो धावत आला तेव्हा ती लहान मुलीसारखी उड्या मारत होती. त्याला पाहून थांबली, पण हसणं काही थांबेना, आणि गालावरची माती अश्रूंत मिसळून पार हनुवटीपर्यंत ओघळली होती.

मागच्या गल्लीत वळसा घालून जायची गरजच पडली नाही. बर्फवालाच तिकडचं दार उघडून बोंबलत बाहेर आला, "काका, लाइट गेली! लाद्या वितळतायत!" आणि आत्या, जी नेमकी तेव्हाच मागच्या गल्लीत कचरा टाकायला गेली होती, तिनं त्याची गचांडीच धरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मागची खोली काकांनी दुप्पट भाड्यानं बर्फवाल्यालाच दिली होती आणि थकबाकी पुतणीसारख्या भाडेकरणीच्या गळ्यात बांधायचा बेत केला होता. वसुलीवाल्यानं साहेबांना बोलावून ती बर्फाची मशीनं दाखवली, तेव्हा काकांची पाचावर धारण बसली. "बाळ, तू तरी समजून घे," ते म्हणाले.

"समजलं सगळं," मातीवाली म्हणाली. "जरा उशिरा समजलं एवढंच."

लाइन तुटली ती फक्त बर्फवाल्याची. मशीनं बंद पडल्यावर भिंत कोमट झाली, ताटं वाळली आणि भट्टी लागली. हॉटेलात माल गेला. दादाचा फोन आला, पण "मी सांगत नव्हतो?" म्हणायची संधी न मिळाल्यामुळे त्यानं नुसती पावसाची चौकशी केली आणि ठेवून दिला.

वसुलीवाला मात्र त्यानंतर फिरकला नाही.

तिनं एक दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी वाट पाहत नाही असं ठरवलं, आणि तिसऱ्या दिवसापासून दारातल्या प्रत्येक छत्रीवर संशय घ्यायला लागली. बरोबरच आहे, काम झालं, कशाला येईल? गोड बोलत होता तेही कामापुरतंच असणार. तिरपा कप तिनं बादच्या टोपलीत टाकला. आत्यानं तो पुन्हा फळीवर ठेवला.

आणि एका दुपारी, पाऊस नसताना, छत्रीही नसताना, तो दारात उभा होता. खांद्याला कंपनीची बॅग नव्हती.

"आता कुणाची बाकी?" तिनं चाकावरून नजर न काढता विचारलं.

"मीटर बघायला आलो."

"ते कंपनीनं परवाच बघितलं."

"म्हणजे… कप घ्यायचा होता."

"कान सोडा आधी."

त्यानं कानावरचा हात खाली घेतला. दोन्ही हातांचं काय करावं हे त्याला कळेना.

"चोर समजलो तुम्हाला," तो म्हणाला. "त्याची लाज वाटत होती, म्हणून आलो नाही. चार वेळा कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेलो. आज कामाला आलो नाही. तुम्हाला बघायला आलोय. आवडता तुम्ही मला… फार."

मातीवालीनं चाक थांबवलं. सवयीनं त्या वाक्यात खोट शोधून पाहिली, इकडून, तिकडून. सापडली नाही. हात तर दोन्ही त्याच्या बाजूला, सरळ.

"बसा ना," ती म्हणाली.

तो सवयीनं मागच्या भिंतीकडे वळला आणि थबकला. तिथे स्टूल नव्हतं. ते तिच्या चाकाला अगदी खेटून ठेवलेलं होतं. बरेच दिवस तिथेच असावं, कारण त्याच्यावर चाकावरून उडालेल्या मातीचे थेंब वाळून गेले होते.

"स्टूल इकडे कसं आलं?"

"त्या भिंतीला आता गार लागत नाही," ती म्हणाली आणि पदरानं स्टूल पुसायला लागली.