सात नंबरचं बटण

“चोर सापडला की धून सापडेल,” समोर बसलेली बाई म्हणाली. “मला कुणाला शिक्षा करायची नाही. धून तेवढी परत मिळवून द्या.”

वहिनींनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. विम्याच्या कचेरीत त्यांनी बावीस वर्षं जळलेल्या, भिजलेल्या, फुटलेल्या वस्तू तपासून कोण खोटं बोलतंय ते ठरवलं होतं. आता त्या लोकांसाठी खासगीत तोच तपास करत. त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, टिपणं घेत आणि भलत्याच माणसावर संशय घेत. या दुसऱ्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

बाईची हकीकत थोडक्यात अशी. तिचा धाकटा भाऊ संगीतकार होता. वर्षभरापूर्वी अपघातात गेला. मागे राहिला त्याचा चाळीस वर्षं जुना सिंथेसायझर. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं बसवलेली धून त्या यंत्राच्या मेमरीत होती. सात नंबरचं बटण दाबलं की ती वाजायची. दर रविवारी संध्याकाळी आई ते बटण दाबून डोळे मिटून बसायची. बाकीचे सहा दिवस ती कशीबशी काढायची.

“रेकॉर्ड करून का ठेवली नाही?”

“आई करू द्यायची नाही. म्हणायची, फोनमधलं कुणीही पुसून टाकतं. यंत्रात आहे ते पक्कं आहे.”

गेल्या रविवारी धून वाजली होती. बुधवारी बाईनं यंत्र दुरुस्तीला टाकलं. काल, शुक्रवारी, दुरुस्तीवाल्याचा फोन आला की बॅटरी गळली होती, मेमरी रिकामी आहे.

“त्यानंच उतरवून घेतली आणि यंत्रातली पुसली,” बाई म्हणाली. “नाहीतर भावाच्या बँडमधला गिटारवाला त्याला सामील आहे. तो पहिल्यापासून ती धून मागतोय. सोमवारी मी तक्रार करणार. दुकानाला टाळं लागलं तरी मला पर्वा नाही.”

“दुरुस्तीवाल्यानं तुम्हाला आतलं काही दाखवलं?”

“छे. फोनवर तेवढी दोन वाक्यं बोलला आणि ठेवून दिला.”

“आईला काय सांगितलंत?”

“बॅटरी गळली आणि कुणीतरी धून चोरली, एवढंच. चोर म्हटल्यावर ती उलट जरा सावरली. चोरलीय म्हणजे आहे कुठेतरी.”

दुरुस्तीवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. माणूस पन्नाशीचा, खांदे पुढे आलेले, बोटांवर जुने चटके. त्यानं टेबलावरचा बोर्ड दिव्याखाली ओढला. कोपऱ्यातल्या बारीक तांब्याच्या रेघा जागोजागी खाल्ल्या गेल्या होत्या. तिथे तो केसाएवढ्या तारा जोडत होता.

“अशा सदतीस रेघा तुटल्यात,” तो म्हणाला. “यंत्र बंद असताना मेमरीला बॅटरी जागी ठेवते. ती म्हातारी होते, गळते आणि आजूबाजूचं सगळं खाते. मी आधी सोल्डर, म्हणजे जोडाचं कथील, वितळवून तिला अलगद काढतो. मग लिंबूसत्वाच्या पाण्यानं बोर्ड धुतो, वाळवतो आणि तारा जोडायला बसतो.”

“ती बॅटरी आहे?”

त्यानं एक डबी पुढे केली. आतली बॅटरी हिरव्या-पांढऱ्या खपल्यांनी भरली होती. दोन्ही टोकांना पत्र्याचे लांब पाय होते आणि पायांच्या शेवटी सोल्डरचे जुने थेंब.

वहिनींनी ती भिंगातून पाहिली. मग बोर्डावरची बॅटरीची रिकामी जागा पाहिली. तिथे पत्र्याचे दोन आखूड खुंट उभे होते, वरून चेपलेले. वहिनी वाकल्या आणि त्यांनी वास घेतला.

“आंबट वास येतोय.”

“येणारच,” तो घाईनं म्हणाला.

“गळक्या बॅटरीवरची मेमरी वाचवता येते?”

त्यानं डबी मिटली. “कधी येते, कधी नाही.”

“तुम्ही वाचवल्यात कधी? सोमवारी त्या तुमची तक्रार करणार आहेत.”

“त्यांना तक्रार करायची असेल तर करू दे,” एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा तारेकडे वळला.

बाहेर आल्यावर भाऊजींनी वही मिटली. “वहिनी, प्रकरण संपलं. चेहऱ्यावर अपराध लिहिलाय त्याच्या.”

“लिहिलाय खरा,” वहिनी म्हणाल्या. “पण कुणाचा ते बघू या.”

गिटारवाला तालमीच्या खोलीत एकटाच वायर गुंडाळत बसला होता. चोरीचं नाव काढताच त्याचं तोंड उतरलं.

“मागितली होती मी ती धून. खोटं कशाला बोलू? पण आई नको म्हणाल्या, तो विषय तिथेच संपला. रविवारी जायचो तेव्हा फोनसुद्धा बाहेर चपलांपाशी ठेवायचो.”

“तुम्हाला पाठ असेलच की,” भाऊजी म्हणाले.

“चाल पाठ आहे. पण त्यानं एकेका सुराला जो आवाज बनवला होता, तो माझ्या हाताला येत नाही. सहा महिने खटपट केली आणि हात टेकले. आईंना वाजवून दाखवलं तर म्हणाल्या, छान आहे, पण हा तो नाही.”

“गेल्या रविवारी काही वेगळं घडलं?”

“धून वाजली, चहा झाला. मी म्हटलं, एवढ्या जुन्या यंत्रातली बॅटरी गळते आणि बोर्ड खाऊन टाकते, वेळेत काढून घ्या. ताईंना दुकानाचा पत्ताही मीच दिला. मग रात्रीच्या गाडीनं बँडबरोबर दौऱ्यावर गेलो, गुरुवारी परतलो.”

“बॅटरी काढली की मेमरी जाते, हे बोललात?”

तो गोंधळला. “ते… ते तर सगळ्यांना माहीतच असतं.”

आईच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीपाशी शिवणयंत्र होतं. त्याचं झाकण काढलेलं, आतल्या चाकांना ताजं तेल दिलेलं. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेली आई आता टीव्हीचा रिमोट उघडून बसली होती. वाटीत व्हिनेगर, हातात जुना टूथब्रश.

“सेल गळलेत,” ती म्हणाली. “व्हिनेगरनं घासलं की लख्ख होतं.”

“आई, पुन्हा उघडलंस काहीतरी?” वहिनींना आत घेऊन आलेली मुलगी कावली. “इस्त्री उघडलीस तेव्हा शॉक बसला, विसरलीस? कशालाही हात लावत जाऊ नकोस, किती वेळा सांगायचं?”

आई मुकाट्यानं रिमोटचं झाकण लावू लागली. मुलगी पाणी आणायला आत गेली.

“सोमवारी, मंगळवारी घरी कोण होतं?” वहिनींनी विचारलं.

“मीच. ही कामावर जाते.”

“कुणी आलं होतं?”

“कुणी नाही. माझ्याकडे कोण येणार?” आईनं ब्रश वाटीत बुडवला. “पण चोराला धून मिळाली कशी, नवलच आहे. बिचाऱ्या यंत्राचा तो कोपरा सगळा हिरवा झालेला.”

परत जाताना भाऊजींनी तीनदा “काय झालं?” म्हणून विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांना उत्तर मिळालं नाही.

संध्याकाळी दुकानात वहिनींसमोर चौघं जमली. दुरुस्तीवाला, गिटारवाला, संगीतकाराची बहीण आणि वहीसह भाऊजी. आईला बोलवायचं नाही, असं वहिनींनी आधीच बजावलं होतं.

“या डबीतल्या बॅटरीचे पाय अख्खे आहेत,” वहिनींनी सुरुवात केली. “आणि बोर्डावर बॅटरीच्या पायांचे खुंट आहेत. एकाच बॅटरीचे पाय दोन्हीकडे कसे असतील? तेव्हा ही बॅटरी या यंत्रातली नाहीच.”

“म्हणजे खरी बॅटरी यानं लपवली,” भाऊजी उत्साहानं म्हणाले.

“भाऊजी, सोल्डर वितळवून बॅटरी काढणारा माणूस तिचे पाय कापत नाही. हे खुंट कात्रीनं चेपून तोडलेत. दुसरं, हे लिंबूसत्वानं धुतात, त्याला वास नसतो. बोर्डाला वास येतोय तो व्हिनेगरचा. यंत्र इथे आलं तेव्हाच बॅटरी गेलेली होती आणि बोर्ड घासलेला होता.”

दुरुस्तीवाल्यानं डबी हळूच मागे ओढली.

“रविवारी धून वाजली. बुधवारी यंत्र इथे आलं. मधले दोन दिवस हे गिटारवाले गावात नव्हते, ताई कामावर होत्या.” वहिनी बहिणीकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला. “बोर्डाचा कोपरा हिरवा झाला होता, हे तुमच्या आईनं मला सांगितलं. तो तुम्हीसुद्धा पाहिलेला नव्हता.”

बहिणीनं बोर्डाचा तो कोपरा जवळ ओढून पाहिला.

“बॅटरी यंत्राला खाते, वेळेत काढा, हे त्यांनी ऐकलं. मेमरी तिच्यावरच जगते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी मुलाचं यंत्र वाचवायला ते उघडलं, शिवणाच्या कात्रीनं बॅटरी कापली आणि सगळं घासूनपुसून बंद केलं. त्याच क्षणी धून गेली.”

“ते मी बोलायला हवं होतं,” गिटारवाला म्हणाला.

“तुम्हाला ठाऊक होतं?” बहिणीनं दुरुस्तीवाल्याला विचारलं. “मग बोलला का नाहीत? मी तुमच्या पोटावर पाय देणार होते.”

“गुरुवारी तुमच्या आईचा फोन आला होता,” तो म्हणाला. “म्हणाल्या, आतलं मी स्वच्छ करून पाठवलंय, मुलीला सांगू नका, रागावते. मग विचारलं, आता धून कायमची राहील ना? मला खरं सांगवेना. रद्दीतली एक बॅटरी डबीत घातली. म्हटलं, आपोआप गळून गेली असं वाटू दे.”

“यंत्र न उघडता तसंच आलं असतं तर?” बहिणीनं विचारलं.

“नवी बॅटरी आधी बाजूनं जोडायची, मग जुनी काढायची. दहातल्या नऊ वेळा वाचते.” तो अपराध्यासारखा उठून दिव्याशी उगाच चाळा करू लागला.

“म्हणजे चोर नाही,” बहीण म्हणाली.

“नाही.”

“मग धून कुठेच नाही?”

“कुठेच नाही,” वहिनी म्हणाल्या. प्रकरण सुटल्याचं एवढं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मग बहिणीनं हात जोडले. “आईला कळू देऊ नका. ती जगायची नाही. चोर अजून शोधताय म्हणून सांगा.”

तिघं घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती. मुलगी तिच्याकडे न बघता सरळ आत गेली.

“सापडला?”

“अजून नाही,” वहिनी म्हणाल्या. बावीस वर्षं लोकांचं खोटं पकडलं, पण स्वतःला ते धड जमत नव्हतं.

आईनं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज दबका केला. “एक सांगू? हिला बोलू नका. ती मेली बॅटरी मीच काढून टाकली होती. नाहीतर यंत्रसुद्धा हातचं गेलं असतं.”

भाऊजींनी मान फिरवली.

“हो,” वहिनी म्हणाल्या. “यंत्र तुमच्यामुळेच वाचलं.”

आईचा चेहरा किंचित उजळला. तो बघणं वहिनींच्या जिवावर आलं.

“आणि चोर सापडला ना, की त्याला मारू-बिरू नका. म्हणावं, ठेव तुझ्याकडे, आमची काही तक्रार नाही. फक्त रविवारी येऊन एकदा वाजवून जा.” तिनं वहिनींचा हात धरला. “उद्या रविवारच आहे. सांगाल ना त्याला?”

वहिनींनी सांगते म्हटलं.