धक्क्याचं गाऱ्हाणं

गावच्या देवीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे अगदी त्या जागेवर नव्हतो; त्या दुपारी मी शिरोड्याला मेहुण्याकडे बांगडे खात होतो. पण हरिश्चंद्राने मला जे सांगितलं ते मी त्याच्यापेक्षा नीट पाहिलं आहे, तेव्हा हजर असल्यातच जमा.

हरिश्चंद्राची जीप तुम्ही पाहिली नसेल, तर ऐकली तरी असेल. वय वर्षं बत्तीस. आमच्या गावातून कुडाळला काजू, आंबे, बाळंतिणी आणि भांडून माहेरी निघालेल्या सुना, सगळं तिच्यातूनच जायचं. हरिश्चंद्राला गावात जो मान होता तो तिच्यामुळे; जीप नसती तर तो नुसताच एक जाडा माणूस होता. सोमवारी आरटीओत तिचं पासिंग होतं. साहेबासमोर ती आपली आपण सुरू झाली नाही तर थेट भंगारात, एवढं त्याला स्वच्छ सांगून ठेवलेलं. आणि दुखणं नेमकं तेच. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारा स्टार्टर.

सकाळी थंड असताना किल्ली फिरवली की पहिल्या फटक्यात चालू. पण गरम होऊन बंद केली की नुसतं 'टक्'. म्हणून हरिश्चंद्र नेहमी उतारावर गाडी लावायचा. लग्नाला गेला तरी आधी उतार शोधायचा, मग मांडव.

पिंगुळीच्या बाळा मेस्त्रीने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. बॅटरी तपासली, टर्मिनलं गरम पाण्याने धुतली, अर्थिंगची वायर बदलली, कार्बन नवे घातले. आठवडाभर बरं वाटायचं, की पुन्हा 'टक्'. शेवटी शुक्रवारी त्याने सेल्फच उतरवला आणि आतले बुश, ज्या कड्यांत त्याचा दांडा फिरतो त्या, बदलले.

"गरम झालो की बुश आवळी होतो रे," बाळा म्हणाला. "आता खंयव बंद कर. चढावर कर."

शनिवारी भर दुपारी हरिश्चंद्र जीप गरम करायला एकटाच फिरून येत होता. गावाच्या सीमेवर राखणदाराचा धोंडा आहे; घोंगडी पांघरून, वहाणा करकरवत तो रात्री शीव फिरतो म्हणतात. तिथे आमच्याकडचा प्रत्येक जण थांबून एक विडी ठेवतो. हरिश्चंद्रही ठेवतो, पण इंजिन चालू ठेवून. त्या दिवशी नव्या बुशांचा माज. त्याने किल्ली काढली, विडी ठेवली, परत येऊन बसला, किल्ली फिरवली.

टक्.

रस्ता सपाट, तळहातासारखा. बाजूची काजूची बाग सोडून माणसं जेवायला गेलेली. कुजक्या बोंडूंचा आंबूस वास आणि कुठे पान हलत नाही. इतकं गप्प, की बॉनेटखाली तापलेलं लोखंड आकसताना कुरकुरतं ते ऐकू येत होतं.

शेवटी त्याने धोंड्यासमोर हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आता गाऱ्हाण्याला मागून 'व्हय महाराजा' म्हणणारी चार माणसं लागतात. तिथे चिटपाखरू नाही. मग तेही तोच म्हणू लागला.

"बा राखणदारा महाराजा... व्हय महाराजा. तुज्या लेकराची गाडी हयसर अडकली आसा... व्हय महाराजा. धक्को मारूक मागे कोण नाय. कोणाचो तरी हात मागसून लागांदे महाराजा..."

"व्हय महाराजा."

हे शेवटचं त्याने म्हटलं नव्हतं. त्याने श्वास घ्यायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ते झालं. मागून. हळू आवाजात.

हरिश्चंद्र न पळता पळाला आणि जीपमध्ये जाऊन बसला. किल्ली चालू, दुसरा गियर, क्लच दाबलेला. सवयीने हातपाय आपलं काम करत होते. आणि जीप हलली. मागे रेतीवर जड वहाणांची करकर... सावकाश, मग जरा जोरात. वैशाखातल्या त्या उन्हात भिजलेल्या घोंगडीचा वास आला. त्याने क्लच सोडला, इंजिन धडधडलं आणि मग घर येईपर्यंत त्याने आरशाकडे मान वळवली नाही.

दारात यशोदा, त्याची बायको, गाडीच्या मागे उभी राहून बघतच राहिली.

"अवो, धक्को मारूक कोणाक घेतलास?"

"कित्याक?"

"टपाक हात लागलेत. हयसर, वर. माजो हात पुराचो नाय थंय."

ताडपत्रीच्या वरच्या कडेवर तांबड्या धुळीचे दोन पंजे. एकेक पंजा तिच्या दोन्ही पंजांएवढा. एवढ्या उंचावरून ढकलायचं तर माणसाने... पण ते जाऊ दे.

रविवारी बाळा आला. सेल्फ काढून फळीवर ठेवला आणि बॅटरी जोडली, तर भिंगरीसारखा फिरला. गाडीत बसवला, तर मुकाट. बघतो तर सेल्फच्या वायरीचा नट काढून मडगार्डवर ठेवलेला, नीट, वाटीत मीठ ठेवावं तसा. बाळाने आवळला. आत जाऊन तिघं चहा पिऊन आली. नट पुन्हा मडगार्डवर.

बाळाने पाना खाली ठेवला. "हऱ्या, खरा सांग. काल तू काय मागलंस?"

हरिश्चंद्राने गाऱ्हाणं सांगितलं.

"मेल्या, सेल्फ बरो कर म्हणान मागूचा सोडून तू माणूस मागलंस? आता तेका काम गावला. सेल्फ चालू झालो तर तेचा काम जाताला. तो कसो होऊक दीत?"

"आणि फुडे बोलता चार लोकांत," यशोदा म्हणाली. "देवाक काय सांगूचा ता कळणा नाय."

संध्याकाळी तिघं सीमेवर गेली. बाळाने गाऱ्हाणं घातलं, उरलेल्या दोघांनी साथ दिली. "बा महाराजा, धक्को मारून दमलंस... व्हय महाराजा. आता हात काढ आणि मागच्या शिटार आरामात बस... व्हय महाराजा."

सोमवारी सकाळी पाहतात तर नट आपल्या जागेवर, आवळलेला. पासिंगच्या रांगेत जीप गरम झाली होती. साहेब म्हणाला, "बंद करा. आता सुरू करा." हरिश्चंद्राने डोळे मिटून किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात! साहेबाने गाडीभोवती फेरी मारली, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे पाहिलं. त्या वजनाने पार दबल्या होत्या.

"मागच्यांना उतरवा जरा," तो कागदावरून नजर न काढता म्हणाला.

मागची सीट रिकामी होती. हरिश्चंद्र तोंडातल्या तोंडात म्हणाला, "उतरा महाराजा." जीप वीतभर वर आली. पासिंग झालं. निघताना ती परत खाली बसली.

जीप अजून धावते. सेल्फची तक्रार नाही. हरिश्चंद्र आता सपाटीवरही गाडी लावतो, आणि मागच्या सीटवर कोणी बसायला लागलं की आधी म्हणतो, "जरा सरकान बसा." बायका हसतात आणि सरकतात.

आता शपथ घेतली आहे, तर एक कबूल करतो. यातली एक गोष्ट मी रचली. रात्री तुम्हाला झोप लागावी म्हणून. ते दुसरं गाऱ्हाणं. रविवारी संध्याकाळी कोणी सीमेवर गेलंच नव्हतं. भीतीने तिघं घरातच बसली होती, कडी लावून. मागच्या सीटवर येऊन बस, असं त्याला कोणीही सांगितलेलं नाही.