गाढवाचा दुसरा कान

"तो दिसेनासा झाला, तर उठून बघायला जायचं. स्वतःहून काही सांगणाऱ्यातला नाही तो."

लोकरीच्या दुकानातल्या काकूंनी हे मला सांगितलं, तेव्हा मी पर्समध्ये छत्रीचं कव्हर शोधत होते. मी ते हसण्यावारी नेलं. म्हटलं, काकू, माझ्या घरात एक पाच वर्षांचं माणूस आहे, त्याच्यामागे धावतानाच माझा जीव मेटाकुटीला येतो. त्यात हा धडधाकट बाप्या कशाला माझ्या गळ्यात घालता? काकू हसल्या नाहीत. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

पण आधी गाढवाचं सांगते.

माझ्या लेकीच्या, ठकूच्या कानांत पाणी साठायचं. कितीतरी महिने तिला अर्धवटच ऐकू येत होतं, आणि मी तिला ओरडत होते – लक्ष कुठे असतं गं तुझं? लक्ष माझंच नव्हतं. शेवटी कानांचं छोटंसं ऑपरेशन झालं. थंडी सुरू होतेय, कान झाकून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. मी तीन टोप्या आणल्या. मांजर, ससा, अस्वल. तिन्ही कॉटखाली गेल्या.

"मला गाढवाची हवी," ठकू म्हणाली. "गाढवाचे कान मोठ्ठे असतात. त्याला सगळं ऐकू येतं."

आता गाढवाची टोपी कोण विकतं? म्हणून मी कॉलेजातल्या मैत्रिणीने कधीकाळी शिकवलेला क्रोशा आठवत आठवत त्या दुकानात गेले. काकूंनी राखाडी लोकर काढून दिली. म्हणाल्या, दोन नको, तीन गुंडे ने, प्रत्येक लॉटचा रंग वेगळा लागतो, नंतर हाच मिळणार नाही. मी दोनच घेतले. काकूंचं मी काहीच ऐकत नव्हते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

दहा दिवसांनी परत गेले. बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरच्या कचेऱ्यांच्या इमारतीचे वरचे मजले कुणीतरी खोडून टाकल्यासारखे दिसत होते. माझी टोपी तयार होती, नाकपुड्या होत्या, आयाळ होती – आणि लोकर संपली होती. कानच नव्हते. त्या लॉटचे शेवटचे दोन गुंडे कधीच विकले गेले होते. काकूंनी दाराजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं.

बाकावर एक माणूस बसला होता. निळा कामाचा शर्ट, नखांत काळं ग्रीस, आणि त्या दणकट बोटांत क्रोशाची नाजूक सुई. मांडीवर राखाडी मफलर. अगदी माझ्याच राखाडीचा.

"तुम्ही... विणता?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"नाही. लिफ्टचा दोर सांधतोय," तो म्हणाला. मान वर केली नाही, पण गालाला खळी पडली.

तो खरोखरच लिफ्टवाला होता. समोरच्या इमारतीतल्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. दुपारच्या सुट्टीत तो इथे येऊन बसायचा. मफलर त्याच्या आईने सुरू केला होता. वीतभर झाला, आणि ती गेली. हा मग काकूंकडून टाके शिकला आणि पुढे विणत राहिला. माझी टोपी त्याने उलटीपालटी करून पाहिली. ती ठकूसाठी आहे की ठकूच्या बाहुलीसाठी, असं अगदी गंभीरपणे विचारलं. मी तीनदा उसवून चौथ्यांदा विणलेली टोपी होती ती. माझा हात घट्ट आहे. टाके आवळले जातात, लोकर जास्त लागते आणि काम लहानच होतं.

"सुई इतकी आवळून नका धरू," तो म्हणाला. "ती कुठे पळून जात नाहीये."

मग त्याने स्वतःचा मफलर माझ्यासमोर धरला आणि शेवटचा टाका सोडला. मी घाईघाईने म्हटलं, अहो, आईंचं आहे ना ते! तो म्हणाला, आईचं खाली आहे, त्याला धक्का लागणार नाही, क्रोशा शेवटाकडूनच उसवतो. वरचं सगळं माझं आहे. आणि वर्षभर विणतोय, तरी कुणाच्या गळ्यात घालायचं तेच ठरलेलं नाही...

त्यानंतरच्या बुधवारी आम्ही त्या बाकावर समोरासमोर तोंड करून बसलो. तो उसवत होता, मी विणत होते. त्याच्या मफलरातून निघालेला धागा थेट माझ्या सुईवर येत होता. मध्ये जेमतेम हातभर लोकर. मी ओढली की त्याचा हात हलायचा, आणि तो थांबला की मला थांबावं लागायचं. तो मुद्दाम थांबायचा.

"सोडा ना."

"काय घाई आहे? गाढव कुठे चाललंय?"

बाहेर भुरभुर पाऊस, आत ओल्या लोकरीचा वास. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, त्या दुपारी मी घड्याळ बघायला विसरले. एरवी मी सगळं बघत असते. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि घरातही मी तेच करते. गॅसचा नॉब, खिडकीची कडी, ठकूचं कपाळ. तिचे बाबा एका सकाळी म्हणाले होते, काही नाही गं, जरा छातीत जळजळतंय. मी खरं मानलं, आणि डबा भरत राहिले. त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघते. लिफ्टवाल्याने माझं नाव इन्स्पेक्टरबाई पाडलं. ठकूला शाळेतून आणायला एकदा तो छत्री घेऊन माझ्याबरोबर आला, तर ती त्याला लिफ्टकाका म्हणायला लागली. लिफ्ट अडकली तर आतली माणसं काय करतात, हे तिने त्याला सात वेळा विचारलं. सातही वेळा त्याने सांगितलं.

स्वतःबद्दल विचारलं, की मात्र विनोद. सहाव्या मजल्यावर एकटाच राहायचा, आणि त्याच्याच इमारतीची लिफ्ट वर्षभर बंद होती. सोसायटीने दुसऱ्या कंपनीला काम दिलंय, म्हणायचा. मी रोज तिला नमस्कार करून जिना चढतो.

पहिला कान झाला. छान लांब, पण नागमोडी दिसत होता. उसवलेल्या लोकरीला सुरकुत्या राहतात ना. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माझ्या डोळ्यांना खटकलं, आणि मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, ठीक आहे, दुसऱ्या कानाची लोकर घरी नेतो. धुतो, वजन टांगून वाळवतो, सरळ करून पुढच्या बुधवारी आणतो.

मग लडी गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "दुसरा कान झाला की... बुधवारी काय करायचं?"

मला कळलं. तुम्हालाही कळलं.  या माणसाची सकाळ, याचे जिने, याची छाती... हे सगळंही आता बघत बसायचं? परत?

"माझ्याकडे काळजी करायला एकाच माणसापुरती जागा आहे," मी म्हटलं. "ती भरलेली आहे."

त्याने लडी पिशवीत टाकली. मग तीच खळी. "मग माझी करू नका. काळजी वाटेल असं मी तुम्हाला कधी काही सांगणारच नाही. झालं समाधान?"

मी चेष्टा समजले. तो शब्द देत होता.

पुढच्या बुधवारी दुकानाचं शटर खाली होतं. काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, तशी चिठ्ठी दारावर होती. मी शटरपाशी पाऊण तास उभी राहिले. माझे मोजे भिजले. तो आला नाही. बरोबरच आहे, मनाशी म्हटलं. तोडून बोललीस, आता कशाला येईल? घरी येऊन त्याला फोन लावला, एक रिंग झाली आणि कापला. मेसेज लिहिला, पुसला. परत लिहिला, परत पुसला. मानी बायकांच्या फोनमध्ये पुसलेले मेसेज किती असतील...

त्याच्या पुढच्या बुधवारीही तो नव्हता. मी चिडले. मग चिडण्याचंही काही उरलं नाही, नुसतं घर मोठं वाटायला लागलं. ठकू एककानी टोपी घालून शाळेत जायची आणि मुलं हसली तर सांगायची, दुसरा कान धुवायला टाकलाय. शुक्रवारी दुपारी वरण ढवळत असताना ती ओट्याशी आली.

"लिफ्टकाकांना ऐकू येत नसेल, म्हणून ते येत नाहीत. आपण ही टोपी त्यांनाच देऊ या."

माझ्या हातातला डाव थांबला. तो दिसेनासा झाला, तर उठून... मी गॅस बंद केला. त्या दिवशी नॉब दोनदा बघितला नाही.

आधी दुकानासमोरच्या इमारतीत गेलो. वॉचमन म्हणाला, तो तर अकरा दिवस झाले, सुट्टीवर आहे. जुन्या दोराची तार हाताला लागली होती, म्हणाला किरकोळ आहे, चार दिवसांत येतो. पत्ता वॉचमनकडूनच घेतला. सहा मजले. ठकूला अर्धे चालवत, अर्धे कडेवर. बंद लिफ्टच्या जाळीवर धूळ साचली होती. दारात वर्तमानपत्रं पडलेली, वरची ओली. शेजारीण बाहेर डोकावली, म्हणाली, गावाला गेले असतील. किती सहज म्हणाली. पण मी तरी नऊ दिवस दुसरं काय म्हणत होते?

मी दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. काही नाही. मी वळले. खरंच सांगते, मी ठकूचा हात धरून वळले होते. ती मात्र टोपीचा तो एकुलता एक कान बाजूला सारून, स्वतःचा कान दाराला लावून उभी होती.

"आई, आत खोकलं कुणीतरी."

मला ऐकू आलं नव्हतं. तिला आलं. मी तिसऱ्यांदा दोन्ही मुठींनी दार वाजवलं.

दार उघडायला त्याला खूप वेळ लागला. डाव्या हाताने उघडलं. उजवा हात पंच्यात गुंडाळलेला, मनगटाच्या वरपर्यंत सुजून लाल झालेला. डोळे तापाने खोल गेलेले. त्याच्या मागे खिडकीच्या कडीला राखाडी लडी टांगलेली होती, खाली वजनाला पाना बांधलेला. धुतलेली, वाळलेली. एकही सुरकुती नाही.

"इन्स्पेक्टरबाई," तो भिंतीला टेकत म्हणाला. "कान राहिला ना तुमचा..."

"सांगितलं का नाहीत?"

"जागा नव्हती ना."

त्याचा आवाज मुळीच टोचून बोलणाऱ्याचा नव्हता. साधं कारण सांगावं तसं सांगितलं त्याने. फोनची एक रिंग त्याने ऐकली होती. चुकून लागला असेल, असं त्याला वाटलं.

शेजारच्या दोघांनी त्याला खुर्चीत बसवून सहा मजले खाली आणलं. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. तारेचा बारीक तुकडा तळहातात राहून गेला होता, पू पार आतपर्यंत गेला होता. हात वाचला. मधली दोन बोटं मात्र आता वाकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर वाचली असती. ते आणखी काहीच म्हणाले नाहीत, पण मी बुधवार मोजले.

वॉर्डात दुपारी पडद्यामागे मी दुसरा कान विणायला घेतला. टाके सैल पडत होते. पहिल्यांदाच. तो पडल्या पडल्या बघत होता.

"मी खोटं बोलले होते," मी सुईकडे बघत म्हटलं. "जागा होती. आहे. मला फक्त भीती वाटली... पुन्हा."

 मग बँडेजमधला हात त्याने हळूच माझ्या मांडीवरच्या लोकरीवर ठेवला.

"मग बुधवारचं काय ठरलं?"

"बुधवार मला पुरत नाही," मी म्हटलं. "बाकीचे सहाही दे."

आता तो दुरुस्तीला लिफ्टवर चढत नाही. कंपनीच्या कचेरीत बसून अडकलेल्या माणसांचे फोन घेतो. घाबरू नका, मी लाइनवर आहे, असं दिवसभर सांगतो. सुई त्याला धरता येत नाही, म्हणून मफलर मी पुढे नेतेय. तो रंग मिळाला नाही, त्यामुळे वीतभर आईंचा, थोडा त्याचा, आणि पुढे माझा, जरा गडद. संध्याकाळी धागा गुंडाळायला तो ती दोन न वाकणारी बोटं पुढे करतो आणि म्हणतो, बघ, कामाला आली. मी हसते. आणि मग उठून स्वयंपाकघरात जाते, कारण ती बोटं वाकायला हवी होती.

टोपीचा एक कान नागमोडी, एक सरळ. ठकू म्हणते, गाढव एका कानाने लांबचं ऐकतं आणि एका कानाने जवळचं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. किरकोळ आहे म्हणणारं, विनोद करून विषय बदलणारं, तुम्ही कधीतरी रागात म्हटलेलं मनावर घेऊन गप्प बसलेलं. बरेच दिवस दिसलं नसेल. रुसलं असेल, गावाला गेलं असेल, असं तुम्ही धरून चालला असाल. फोनची एक रिंग पुरत नाही हो. आज जा. जिना असला तरी चढा. आणि दार दोनदा वाजवून परत फिरू नका. कान लावून ऐका, आणि तिसऱ्यांदा वाजवा.